घरमालकांची जीभ

लातूर नवा जिल्हा झाला त्या दिवसांत गावात काळजी करणाऱ्यांना तोटा नव्हता, पण काळजी करावी तर आमच्या घरमालकांनीच. बाकीच्यांना फिकीर होती पाणी येतंय का याची. आमच्या घरमालकांना फिकीर होती आलेल्या पाण्याचा चहा कसा उतरतोय याची. सलग दुसऱ्या साली पावसानं तोंड फिरवलं होतं. टँकर गल्लीत शिरला की बाया घागरी, हंडे, डबे घेऊन धावायच्या, आणि त्या घोळक्यात साठी उलटलेला, कपाळावर भस्माचे तीन पट्टे ओढलेला, धोतराचा सोगा हातात धरलेला हा एकटा पुरुष काचेचा एक गिलास घेऊन उभा असायचा. "एकच गिलास भरू द्या गं मायांनो, जिभेला लावायचाय!" बाया हसायच्या, शिव्या द्यायच्या आणि गिलास भरू द्यायच्या. तो गिलास उजेडाकडे धरून बघत बघत ते घरात शिरायचे, ते असं तोंड करून की जणू घरात कुणी आजारी आहे. सगळी गल्ली त्यांना अप्पा म्हणायची. पुढं मीही म्हणू लागलो.

मी मूळचा मुखेडकडचा. नव्या कलेक्टर कचेरीत टंचाई शाखेत कारकून म्हणून हजर झालो तेव्हा वय चोवीस, सोबत एक पत्र्याची ट्रंक आणि जन्मजात भित्रेपणा. नवा जिल्हा म्हणजे नवे साहेब, नवे कारकून, नवे शिपाई. सगळे खोल्या शोधत फिरत होते. माझी गंमत अशी की, आडनाव सांगेपर्यंत खोली रिकामी असायची आणि सांगितलं की ती कालच कुणाला तरी दिलेली निघायची. आम्ही बौद्ध. आडनावावरून कळतं, आणि नाही कळलं तर लोक गाव, गल्ली, मामाचं गाव विचारत विचारत कळवून घेतात. सहा घरं झाली होती. सातव्या ठिकाणी, गोलाईच्या बाजारपेठेपासून जरा आत एका चहापत्तीच्या दुकानात, गादीवर अप्पा बसले होते. लिंगायत व्यापारी, गळ्यात लिंग, समोर पांढऱ्या कपांची रांग. मी उत्तरं घोकून गेलो होतो. त्यांनी मला वर-खाली पाहिलं आणि विचारलं, "चहात दूध किती घालता?"

या प्रश्नाची तयारी मी केली नव्हती. घाबरून खरं तेच बोलून गेलो. "न्हाई घालत. आमच्या घरी कोराच पितात. माय गुळाचा खडा टाकती. मी तेबी न्हाई."

"कोरा? बिनसाखरेचा?" अप्पा गादीवरून अर्धे उठले. "अगं, वरच्या खोलीची किल्ली आण!" आतून त्यांची बायको आली. तिला सगळे अव्वा म्हणायचे. तिनं कानडीत हळूच विचारलं, "यारु?" म्हणजे कोण, कुणाचा. अप्पांनी ऐटीत सांगितलं, "कोरा पितो." तेवढ्यावर मला खोली मिळाली. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यानं माझी सगळी कुंडली त्यांच्या कानावर घातली, तर म्हणे, "असंल. दूध तर घालत न्हाई ना?" आता यावरून कुणी त्यांना सुधारक समजू नये. माझा कप त्यांच्या घरात वेगळ्या कोनाड्यात ठेवलेला असायचा. मला ते पहिल्याच दिवशी दिसलं होतं आणि खोली जाईल या भीतीनं मी गप्प बसलो होतो, हेही सांगून टाकतो.

अप्पांनी आयुष्यात सोलापूर आणि हैदराबाद सोडून तिसरं शहर पाहिलं नव्हतं, पण आसामबद्दल ते असं बोलायचे जणू तिथं त्यांची सासुरवाडी. दुकानात भिंतीवर शाळेतला भारताचा नकाशा होता आणि त्यावर पेन्सिलीच्या खुणा. "चहा चीनचा, चीनचा म्हणत्यात लोक. अहो, आसामच्या जंगलात झाड पैल्यापासूनच उभं होतं. गोऱ्या साहेबाला दिसलं न्हाई, त्याला झाड काय करंल?" काळा चहा काळा का होतो, हे त्यांनी मला वांगं कापून दाखवलं होतं. कापलेलं वांगं उघडं ठेवलं की जसं काळं पडतं, तसं हिरवं पान चुरगळून हवेत पसरलं की ते लालसर होतं, मग वाळवून काळं. त्या दिवशी वांग्याची भाजी उशिरा झाली आणि अव्वांनी दोघांनाही बोलणी ऐकवली. आसाम म्हणजे निलंग्याकडचा पाटील, असं त्यांचं मत. दूध ओता, साखर ओता, आवाज दबत नाही. दार्जिलिंग हळू बोलणारं माणूस, त्याच्यापुढं आपण गप बसावं. आणि निलगिरी ही शेजारीण, कुणाशीही जमवून घेते. या तिघांना ते दर वर्षी वेगवेगळ्या मापानं एकत्र करायचे, आणि ते मिश्रण उदगीरपासून निलंग्यापर्यंतच्या हॉटेलवाल्यांकडे जायचं. दार्जिलिंग त्यात नावालाच, चिमूटभर. "कोण ओळखतंय अप्पा, त्या चिमटीला?" असं मी एकदा विचारलं. तर म्हणाले, "मी ओळखतो की."

चहा करायची त्यांची रीत म्हणजे पूजाच. पाणी एकदाच उकळायचं. गार झालेलं पुन्हा उकळलं तर ते मेलेलं पाणी. पत्ती मोजायला चमचा नाही. छोट्या तराजूच्या एका पारड्यात निजामाच्या काळातली चांदीची पावली, चार आण्यांचं नाणं, आणि दुसऱ्यात तिच्या भाराची पत्ती. घड्याळावर त्यांचा विश्वास नव्हता. पाणी ओतून झाकण ठेवलं की डोळे मिटून ॐ नमः शिवाय सुरू. आसामला एकशे आठ, निलगिरीला शंभर, दार्जिलिंगला ऐंशी. "देवाचं नाव घ्यायलाव का चहाचं?" अव्वा विचारायच्या. मधेच कुणी गिऱ्हाईक बोललं आणि आकडा चुकला तर ते अख्खं भांडं मोरीत ओतायचे, आणि तेही अशा दुष्काळात! मग कप उचलून सुर्रर्र करून असा घोट ओढायचे की रस्त्यावरची शेळी दचकायची. घोट तोंडात फिरवून पितळेच्या तस्तात थुंकायचा. मी पहिल्यांदा नुसतंच "बरा लागतो" म्हणालो तेव्हा ते चिडले. "बरा म्हणजे काय? कुठं लागतो ते सांगा! जिभेच्या शेंड्याला, का गालाला, का घशाला?" महिनाभरात मला कळायला लागलं की आसामात काकवीचा जडपणा असतो, निलगिरी घशातून सरळ उतरते आणि दार्जिलिंग गालाला आवळ्यासारखं आवळून मग गोड होतं. ते शिकताना मला कचेरीतल्यापेक्षा जास्त धाक वाटायचा.

त्या उन्हाळ्यात टँकरच्या खेपा लिहिणं हे माझं काम. कोणता टँकर कोणत्या विहिरीवर भरायचा, कोणत्या वस्तीला जायचा, सगळं माझ्या रजिस्टरात. हे अप्पांना कळल्यावर माझ्या सकाळी संपल्या. सात वाजता हाक यायची. कोऱ्या चहाचा एक घोट घेऊन ते सांगायचे, "आज पाटलाची विहीर. जिभेच्या कडेला चुना लागतोय." किंवा "जोडविहीर. मऊ हाय, पण तळ गाठला तिनं." मी कचेरीत जाऊन रजिस्टर बघायचो, तर तंतोतंत! एकदा ते मला म्हणाले, "साहेब, हे विहिरीचं पाणीच न्हाई, हे डबक्याचं." मी घाबरत घाबरत चौकशी केली तर टँकरवाल्यानं खरंच लांबची खेप वाचवायला नाल्यातल्या डबक्यातून भरलं होतं. त्या दिवशी कचेरीतल्या साहेबांनी माझी पाठ थोपटली. एका चहावाल्याची जीभ आमच्या शाखेत कामाला आहे, हे मी कुणाला सांगितलं नाही.

मग चैत्रात अप्पा सर्दी-तापानं आठ दिवस अंथरुणाला खिळले. उठले, पहिला चहा घेतला आणि म्हणाले, "पाटलाची." होती जोडविहीर. मला वाटलं, अशक्तपणा असेल. मी म्हणालो, "बरोबर." दुसऱ्या दिवशी पुन्हा चूक, पुन्हा मी "बरोबर." काय करणार? माणूस नुकता उठलेला, डोळे खोल गेलेले, घोट घेतल्यावर ते डोळे माझ्या तोंडाकडे असे लावायचा की मला दुसरा शब्द सुचायचा नाही. आठ दिवस मी रोज सकाळी खोटं बोलत होतो आणि रोज दिवसभर रजिस्टरात खऱ्या विहिरी लिहीत होतो. नवव्या दिवशी अप्पांनी घोट घेतला आणि सावकाश म्हणाले, "लिंबाची विहीर."

"बरोबर," मी म्हणालो.

अप्पांनी कप खाली ठेवला. "साहेब, लिंबाची विहीर दिवाळीच्या सुमारालाच ढासळली. बुजवली ती. तुमच्याच रजिस्टरात नोंद असंल." होती! माझ्याच हातची होती. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. मला वाटलं, आता खोली गेली. पण ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "मला कायबी लागंना गेलंय," ते म्हणाले. "गरम पाणी लागतं, एवढंच. वास तर गेलाच. मी आठ दिस अंदाजानं बोलायलोय. तुम्ही बरोबर म्हणलात की वाटायचं, हाय, अजून जीभ हाय. अन् रात गेली की परत शंका. म्हणून आज मुद्दाम ती विहीर घेतली." मग हातानं तस्त बाजूला सारलं. "डोळे गेले तर माणूस चष्मा लावतो. जिभेला काय लावू?"

डॉक्टरांनी सांगितलं, येईल परत, किंवा नाही येणार. अप्पांची फिकीर मात्र त्याहून जवळची होती. कलकत्त्याच्या दलालानं वर्षाच्या मालाचे नमुने पाठवले होते, कागदाच्या नऊ पुड्या, आणि आठवडाभरात तारेनं पसंती कळवायची होती. थोरला मुलगा दोन वर्षं मागं लागला होता की हा सुटा चहा बंद करू, कंपनीचे पुडे ठेवू, चाखायची कटकटच नको. बापाची जीभ गेली हे त्याला कळलं असतं तर नऊ पुड्या त्याच दिवशी परत गेल्या असत्या. मुलगा कामाला बाहेरगावी गेला त्या दुपारी अप्पांनी मला मागच्या खोलीत बोलावलं आणि दार लोटलं. नऊ कप मांडलेले, शेजारी चाखायचा एक चमचा. "आज तुम्ही चाखा," ते म्हणाले. "फक्त एक करा. मला खूश करायला कायबी बोलू नका. परत बरोबर म्हणलात तर खोली खाली करायची."

अख्ख्या जिल्ह्याच्या हॉटेलांचा वर्षाचा चहा एका कारकुनाच्या जिभेवर! तेवढ्यात अव्वा माठातलं राखून ठेवलेलं गोडं पाणी घेऊन आल्या, तर अप्पांनी ते परत पाठवलं. गिऱ्हाइकाच्या घरी टँकरचं पाणी असेल तर चाखायलाही टँकरचंच, हा त्यांचा नेम. आधणावर तेलासारखी साय धरली होती. पहिला कप. "कुठं लागतो?" "शेंड्याला. मग संपतो. मागं काहीच न्हाई." "ठेवा बाजूला. दुसरा?" "कडू. धुराचा वास." "भट्टीत जळालाय. तिसरा?" असं चाललं होतं. ते पानं बघत होते, रंग बघत होते, मी बोलत होतो. पाचव्याला मी अडलो. "अप्पा, हा... खाऱ्या पाण्यातबी उभा राहतोय. गालाला धरतोय. पण शेवटी काय तरी लागतंय, मला नाव न्हाई येत." "शोधा नाव!" मी परत घोट घेतला, परत, आणि एकदम मुखेडची चूल आठवली. "गुळाचा चहा उतू जाऊन चुलीत सांडल्यावर वास येतो ना, तसा." अप्पांचा चेहरा असा काही झाला की विचारू नका. त्यांनी माझ्या हातातला चमचा घेतला, माझा उष्टा, पाचव्या कपात बुडवला आणि आपल्या तोंडात घातला. डोळे मिटून बसले. काही लागलं नाही त्यांना. पण मान हलवली आणि म्हणाले, "हाच. अर्धा ह्यो, बाकी सातवा अन् नववा." अव्वा उंबऱ्यात उभ्या होत्या. चमचा त्यांनी पाहिला होता. दुसऱ्या दिवशी माझा कप त्या कोनाड्यात नव्हता. सगळ्यांच्या कपांत मांडणीवर होता, आणि चहा आणताना माझा कुठला ते त्यांना स्वतःलाच ओळखू आलं नाही.

तार गेली. पेट्या यायला महिना लागला, आणि तो महिना मी कसा काढला ते माझं मलाच ठाऊक. कचेरीत टँकरच्या खेपा चुकायला लागल्या. अप्पा बाहेर गादीवर ऐटीत बसायचे, मुलासमोर सुर्रर्र करून घोट ओढायचे, तस्तात थुंकायचे, आणि वर आले की माझ्या दाराशी उभे राहून विचारायचे, "चुकलं तर न्हाई ना हो आपलं?" मी म्हणायचो, "मला न्हाई माहीत, अप्पा." यावर ते समाधानानं खाली जायचे, आणि मी तसाच कुढत बसायचो. पेट्या आल्या, मिश्रण झालं, आणि पहिलं पोतं नव्या कचेरीच्या फाटकासमोरच्या हॉटेलात गेलं. तो हॉटेलवाला म्हणजे जन्मात कुणाला चांगलं म्हणालेला माणूस नव्हे. मी आणि अप्पा मुद्दाम वेगवेगळ्या बाकांवर बसलो. त्यानं चहा गाळला, स्वतः बशीत ओतून प्याला, आणि म्हणाला, "अप्पा, एवढ्या खाऱ्या पाण्यात बी चहा उतरला बघा यंदा." अप्पांनी नुसतं "हूं" केलं. बाहेर आल्यावर मात्र उपरण्यानं डोळे पुसले आणि उन्हाला शिव्या दिल्या. मुलाला त्या वर्षी काही कळलं नाही. पुढच्या वर्षीही नाही.

अप्पांची जीभ काही परत आलीच नाही. पाऊस आला, टंचाई शाखेत माश्या मारायचे दिवस आले, माझी बदली नांदेडला झाली, तरी दर उन्हाळ्यात एस.टी.च्या ड्रायव्हरच्या हाती नऊ पुड्या आणि पावलीच्या भाराचं एक पितळी वजन यायचं. मी पोस्टकार्डावर लिहायचो: क्रमांक एक, शेंड्याला, मागं पोकळ. बायको विचारायची, हे काय चाललंय. असं सहा वर्षं चाललं. मग एका वर्षी पुड्या आल्या नाहीत. मी पत्र टाकलं, त्याला मुलाचं उत्तर आलं: अप्पा थकलेत, दुकानात आता पुडेच ठेवतो, आपण कधी आलात तर भेटून जावे.

कचेरीच्या कामानं लातूरला गेलो तेव्हा गेलो. अप्पा बाजेवर पडून होते. भस्माचे पट्टे होते, पण वाकडे; आता अव्वा लावायच्या. मला ओळखलं. "कोरा पिणारा," ते म्हणाले. अव्वांनी दोन कप आणले, मांडणीवरचे. कोराच होता, पण पुड्यातला. तेवढ्या वासावरून मला कळलं. अप्पांनी उशी मागं सरकवून घेतली, दोन्ही हातांनी कप धरून सुर्रर्र केलं आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं. तेच डोळे. "कसा हाय?" अव्वा बाजेमागून मला हात जोडून खुणावत होत्या, चांगलं म्हणा, चांगलं म्हणा. आता चांगलं म्हणायला माझं काय जात होतं? खोली तर केव्हाच सोडली होती. पण मी एक घोट तोंडात फिरवला. "लई वाईट हाय, अप्पा," मी म्हणालो. "शेंड्याला कडू, मागं काहीच न्हाई. रंग तेवढा दिलाय."

अव्वांनी तोंडाला पदर लावला. अप्पा हसू लागले, खोकला येईपर्यंत हसले. माझ्या मनगटावर हात ठेवला. "बरोबर," ते म्हणाले. "एकदम बरोबर." आणि मग आम्ही दोघं तो वाईट चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यालो.